निळं सारवण

गोजरबाई दांडगे अकरा वर्षांपासून विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात झाडलोट करत होत्या. सकाळी सातला बेगमपुऱ्यातून पायी निघायच्या आणि साडेसातपर्यंत व्हरांडा झाडून व्हायचा. प्रयोगशाळेतल्या एका टेबलाला मात्र त्या फडकं लावायच्या नाहीत. ते मोनाली ठोंबरेचं टेबल. त्यावर कुजलेल्या लाकडांचे तुकडे कागदी पाकिटांत भरून ठेवलेले असायचे आणि एक कपचीसुद्धा हलवायची नाही असं तिनं पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं.

मोनाली वैजापूरकडची. घरी कांद्याची शेती. मुलगी पीएच.डी. करते याचा घरच्यांना अभिमान होता, पण सडलेल्या लाकडात शिकण्यासारखं काय असतं हे त्यांना तिनं चार वेळा सांगूनही पटलं नव्हतं. ती ज्या बुरशांवर काम करत होती त्यांना ना देठ, ना छत्री. मेलेल्या फांदीच्या खालच्या बाजूला त्या नुसत्या पापुद्र्यासारख्या पसरतात. पांढऱ्या, पिवळसर, राखाडी. कुणी चुना उडवलाय असं वाटावं आणि माणूस पुढं निघून जावा, इतक्या साध्या.

एकदा गोजरबाईंनीच विचारलं, "ताई, हे लाकूड खाऊन ह्यांना मिळतं तरी काय?"

मोनालीला असं विचारणारं फारसं कुणी भेटत नसे. तिनं एक कपची हातात घेतली आणि नखानं दाबून दाखवली. लाकूड कापसासारखं दबलं.

"मावशी, लाकडाला कडकपणा देणारा जो भाग असतो ना, तो कुणालाच पचत नाही. ना गुराला, ना माणसाला. या बुरशीला पचतो. ती नसती तर पडलेली झाडं तशीच पडून राहिली असती. एकावर एक. नवं झाड उगवायला जागाच उरली नसती."

गोजरबाईंनी ती कपची बोटांत फिरवली. "लाकडाला खालून सारवल्यावाणी दिसतंय," त्या म्हणाल्या.

हा शब्द मोनालीला फार आवडला. तेव्हापासून ती आपल्या वहीत या बुरशांना 'सारवण' म्हणू लागली.

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. मोनालीनं कामासाठी एक जाड सचित्र पुस्तक मागवलं होतं. ते टेबलावर उघडं पडलं होतं आणि गोजरबाई शेजारची फरशी पुसत होत्या. पुसता पुसता त्या थांबल्या. पोचा तसाच बादलीत सोडून पुस्तकापाशी आल्या. पानभर एक फोटो होता. काळपट फांदी आणि तिच्यावर मखमलीसारखा गडद निळा थर, कडेला जरा फिकट.

"हे मी पाह्यलंय," त्या म्हणाल्या.

मोनालीनं मान वर केली. "कुठं?"

"आमच्या गावाकडं. देवगाव रंगारीला. नऊ वर्षांची आसंल मी तवा."

फोटोतल्या बुरशीचा वंश टेराना. त्या वंशात ही एकच जात गणली जाते. जगात बऱ्याच ठिकाणी सापडते, पण उष्ण आणि ओल्या जागी, दाट सावलीत. मराठवाड्यात कुणी ती पाहिल्याचं मोनालीच्या वाचनात नव्हतं. तिनं चारचारदा विचारलं. रंग अस्साच होता का? फांदीच्या वर होता की खाली? बोटाला लागत होता का?

"खाली व्हता. बोटाला लागत नव्हता. पाण्यानं धुतला तरी जात नव्हता," गोजरबाईंनी ठामपणे सांगितलं. "फांदी करंजाची व्हती. ओढ्यावर आडवी पडल्याली."

मोनालीचे मार्गदर्शक अभय सर चांगले माणूस होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "मोनाली, पन्नास वर्षांपूर्वीची आठवण आहे. लहानपणच्या आठवणींना रंग जरा जास्तच चढतो. जायचं तर जा, पण यावर प्रबंधाचा भरवसा ठेवू नकोस."

जुलैत दोघी एसटीनं देवगावला गेल्या. गाव मागं टाकून पांदीनं टेकड्यांकडं चालत निघाल्या. गोजरबाईंच्या घरच्यांनी त्या लहान असतानाच गाव सोडलं होतं, तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. आई-वडील वारल्यावर गावाशी उरलासुरला संबंधही तुटला होता. आता पांद कुठं संपते आणि शेत कुठं सुरू होतं हेच कळेना. त्या एका घळीत शिरल्या. चार तास त्यांनी फांद्या उलटून पाहिल्या. पाऊस नीट धरला नव्हता, लाकडं कोरडी ठणठणीत होती. दोन पांढऱ्या बुरशा मिळाल्या, त्या मोनालीकडं आधीच होत्या.

परतीच्या एसटीत मोनाली खिडकीबाहेर बघत बसली. गोजरबाईंना कळायचं ते कळलं.

"ताई, तुमाला वाटतंय म्हातारीला भास झाला."

"तसं नाही मावशी."

"तसंच हाय. पण घळ ती नव्हती. त्या घळीत जांभळं हायेत, माझ्या घळीत करंज आन् उंबर व्हते. आन् मी गेले ती पोळ्याच्या नंतर, भादव्यात. आपण चुकीच्या जागी चुकीच्या टायमाला गेलो."

पुढचे दोन महिने गोजरबाईंनी हा विषय सोडला नाही. रोज झाडून झालं की त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसायच्या आणि मोनालीच्या जुन्या कागदांच्या पाठीवर पेन्सिलीनं गावाचा नकाशा काढायच्या. शाळा त्यांची चौथीपर्यंतच झाली होती, पण हात स्वच्छ होता. बौद्धवाडा, विहीर, जुनी चिंच, खळं, तिथून उगवतीला वळणारी वाट. एक कागद फेकून द्यायच्या, दुसरा काढायच्या. सातव्या कागदावर त्या थांबल्या. त्यांनी एका शेतावर बोट ठेवलं.

"ह्या शेतातून वाट हाय. आप्पासाहेबांच्या. दुसरीकडून नाय."

"मग त्यांना विचारू," मोनाली म्हणाली.

गोजरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितली.

आप्पासाहेब गावातले मोठे बागायतदार. गोजरबाईंची आई त्यांच्याकडं मजुरीला होती. त्या भादव्यात आईबरोबर नऊ वर्षांची गोजर सरपण वेचायला गेली आणि ओढ्यावरच्या फांदीखाली तिला तो निळा दिसला. इतकं सुंदर तिनं काही पाहिलंच नव्हतं. तिनं एक ढलपी काढली, ओच्यात धरली आणि धावत येऊन आप्पासाहेबांच्या अंगणात सगळ्यांना दाखवली. नेमकी त्याच दिवशी घरातली निळीची पुडी हरवली होती. पांढऱ्या धोतरांना द्यायची नीळ. आप्पासाहेबांच्या आईनं, थोरल्या बाईनं, ढलपी हातात न घेताच सांगून टाकलं की पोरीनं नीळ चोरली आणि लाकडाला फासली. अंगणात दहा-बारा माणसं होती. गोजर रडत सांगत राहिली, पाणी टाकून बघा, जात नाय. कुणी पाणी टाकलं नाही. ढलपी चुलीत गेली. आईचं काम सुटलं.

"आन् मायनं मला मारलं," गोजरबाई म्हणाल्या. "लई मारलं. मला वाटलं व्हतं ती तरी म्हणंल, माझी पोर खोटं बोलत नाय."

मोनालीनं नकाशाच्या कागदाची घडी घातली. ती म्हणाली, "मावशी, आपण नको जायला. दुसरीकडं शोधू."

"जायचंच," गोजरबाई उठल्या. "ते तिथं हाय. मला ठावं हाय."

सप्टेंबरात आठवडाभर झड लागली आणि ती उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा देवगावला उतरल्या. आप्पासाहेबांच्या शेतात त्यांची नातसून सुरेखा सोयाबीन बघत उभी होती. पंचविशीतली बाई, पायात गमबूट. मोनालीनं ओळखपत्र दाखवलं आणि सांगितलं की विद्यापीठातून आलोय, घळीतली लाकडं बघायची आहेत.

"लाकडं?" सुरेखाला हसू आलं. "बघा की. जाताना घरी चहाला या. आणि काठी घ्या हातात, जनावर असतंय तिकडं."

घळ अरुंद होती. वर उंबरांनी आभाळ झाकलं होतं, खाली घोटाभर पाणी वाहत होतं. गोजरबाई पुढं झाल्या. साठीला आलेली बाई, पण दगडांवरून अशी चालत होती की मोनालीला तिच्या मागं राहणं जड गेलं. पडलेल्या फांदीपाशी त्या वाकायच्या, एका हातानं ती कलती करायच्या, नजर टाकायच्या आणि पुढं जायच्या. मोनाली टॉर्च आणि भिंग घेऊन जे पंधरा मिनिटं पाहायची, ते त्यांना एका नजरेत कळत होतं. "ह्याच्यावर पिवळं हाय. ह्याच्यावर कायच नाय. हे अजून जितं लाकूड हाय, सोडा." मोनालीनं पडताळून पाहिलं. एकदाही त्या चुकल्या नाहीत. तीन वर्षं या विषयावर काम करणाऱ्या तिला तेव्हा वाटलं की आपण अक्षरं लावून वाचतोय आणि या बाईला सगळी पोथी पाठ आहे.

तास गेला, दुसरा गेला. तीन नव्या बुरशा पाकिटात पडल्या, निळी काही दिसेना. ओढा एका मोठ्या दगडाला वळसा घालून खाली उतरत होता. तिथं करंजाचं एक जुनं खोड आडवं झालं होतं. खोड आणि काठच्या चिखलाच्या मधे वीतभर फट. गोजरबाईंनी पदर खोचला आणि सरळ चिखलात उताण्या झाल्या. डोकं खोडाखाली घातलं.

मग काहीच आवाज नाही.

"मावशी?" मोनाली घाबरली. "काय झालं? साप आहे का?"

"या," खालून आवाज आला. "हितं या. झोपा माझ्याजवळ."

मोनाली चिखलात त्यांच्या शेजारी झोपली आणि तिनं टॉर्च वर केली.

खोडाचं पोट हातभर लांबीत निळं होतं. नुसतं निळं नव्हे. मधे गर्द, जवळजवळ जांभळ्याकडं झुकणारं, आणि कडेला पसरत जाताना आभाळासारखं होत गेलेलं. वर मखमलीची लव. काही ठिकाणी थेंब साचले होते आणि त्या थेंबांतूनही निळा दिसत होता. माती, शेवाळ, कुजका पाला, या सगळ्यात हा रंग कुठून आला असेल असं वाटावं. दिवसाचा उजेड जिथं पोचत नाही तिथं, कुणाला दाखवायचं नसताना, ही बुरशी इतकी नटून बसली होती.

मोनालीनं फोटो पाहिले होते, वर्णनं पाठ केली होती. त्यांतल्या कशातही हे नव्हतं. तिनं शेजारी पाहिलं. गोजरबाईंच्या डोळ्यांतून पाणी कानांकडं ओघळत होतं, पण चेहरा हसरा होता.

"मी खोटं बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. मोनालीला नव्हे, त्या खोडाला.

मोनालीनं फोटो घेतले, मोजमापं घेतली, पटाशीनं दोन लहान ढलप्या काढल्या. एक पाकिटात गेली. दुसरी गोजरबाईंनी मागून घेतली आणि ओंजळीत धरली.

परत येताना सुरेखाच्या घरासमोर त्या थांबल्या. ओट्यावर एक म्हातारी बाई लसूण सोलत बसली होती. सुरेखाची आजेसासू, वच्छलाबाई. पन्नास वर्षांपूर्वी या घरात नवी सून म्हणून आलेली, आप्पासाहेबांची बायको. तिनं चिखलानं माखलेल्या दोघींकडं पाहिलं, मग गोजरबाईंच्या ओंजळीकडं. तिच्या हातातला लसूण सुपात पडला.

"हे कुठं घावलं?"

"तुमच्या घळीत, धाकट्या वैनी," गोजरबाई म्हणाल्या.

त्या हाकेनं वच्छलाबाईंनी झटक्यात वर पाहिलं. "तू... सखारामाची गोजर का गं?"

"व्हय."

वच्छलाबाई हळूच उठल्या. ओट्यावरचा तांब्या घेतला, पायऱ्या उतरून आल्या आणि ढलपीवर पाण्याची धार धरली. पाणी स्वच्छ खाली गेलं. ओला झालेला निळा अजूनच गडद दिसू लागला. त्यांनी अंगठ्यानं जरा घासून पाहिलं आणि अंगठा डोळ्यांसमोर धरला. अंगठ्याला काही लागलं नव्हतं.

"नीळ घावली व्हती गं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "चौथ्या दिवशी. पिठाच्या डब्यामागं. मलाच घावली. सासूबाईंना दाखवली तर म्हणाल्या, गप ऱ्हा, झालं ते झालं. मी नवी व्हते. गप ऱ्हायले. मग तुझी माय गाव सोडून कारखान्यावर गेली, ऊसतोडीला. नंतर बोलायचं तरी कुणाजवळ?"

गोजरबाई एक पाऊल मागं सरल्या. मोनालीला वाटलं, त्या आता ढलपी टाकून निघून जातील.

"माझी माय मला चोर समजूनच मेली, वैनी," त्या म्हणाल्या.

वच्छलाबाईंनी दोन्ही हात जोडले. तांब्या अजून बोटात अडकलेला होता.

"हात नका जोडू." गोजरबाईंचा आवाज चढला नाही. "तवा मला चारचौघात चोर ठरवलं व्हतं. आता चारचौघात सांगा."

सुरेखा चहाचे कप घेऊन दारात उभी राहून हे ऐकत होती. तिला वाटलं आजी रागावतील, नाही तर रडत आत जातील. सत्तरीची बाई, गुडघे दुखत असलेली. पण वच्छलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, काठी घेतली आणि रस्त्यावर आल्या. समोरच्या पिठाच्या गिरणीवर सात-आठ बायका दळण घेऊन बसल्या होत्या, दोन-तीन म्हातारे पाराशी होते, त्यांतला कडुबा तर पन्नास वर्षांपूर्वी त्या अंगणात हजर होता. वच्छलाबाई गिरणीसमोर उभ्या राहिल्या. गिरणीवाल्याला म्हणाल्या, "बंद कर जरा." पट्टा थांबला. मग त्यांनी सगळं सांगितलं. कोणत्या वर्षी, कुणावर, कशाचा आळ आला, नीळ कुठं सापडली आणि आपण कसं गप्प राहिलो. सासूचं नाव घेताना त्या अडखळल्या, पण घेतलं.

"ह्या पोरीनं चोरी केली नव्हती," शेवटी त्या म्हणाल्या. साठीच्या बाईला त्या पोरगी म्हणत होत्या, पण हसलं कुणी नाही.

कडुबा काठी टेकत पुढं आला आणि म्हणाला, "बघू गं ते." गोजरबाईंनी ढलपी त्याच्या हातावर ठेवली. ती मग हातोहात फिरली. बायकांनी बोट लावून पाहिलं, एकीनं वास घेतला, एकीनं मोबाइलवर फोटो काढला. "आपल्या घळीत हाय हे? आन् आपल्याला ठावं नाय?" एक बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती.

चहा गार झाला होता. सुरेखानं पुन्हा ठेवला. दोघी ओट्यावर बसून तो प्याल्या. वच्छलाबाई शेजारी बसल्या. निघताना गोजरबाईंनी एवढंच विचारलं, "गुडघ्याला काय लावता?" आणि वच्छलाबाई म्हणाल्या, "निरगुडी."

दुसऱ्या दिवशी अभय सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मग ते उठले आणि स्वतः व्हरांड्यात गेले. गोजरबाई खिडक्या पुसत होत्या.

"मावशी, मी तुमच्या आठवणीवर शंका घेतली होती. माझं चुकलं. आधी तुम्ही बघा, मग बाकीचे."

गोजरबाईंनी ओले हात पदराला पुसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या नळीला डोळा लावला. सुरुवातीला काही दिसेना, पापणीच दिसत होती. मोनालीनं हळूच चाक फिरवलं. मग निळसर धागे दिसले, टोकाला झाडासारखे फांद्या फुटलेले, एकात एक गुंतलेले.

"हे तर रान हाय," त्या म्हणाल्या.

अभय सर हसले नाहीत. त्यांनी मोनालीला सांगितलं की हे वाक्य लिहून ठेव.

नमुन्याच्या पाकिटावर चिठ्ठी लावायची असते. जागा, तारीख, कोणत्या झाडावर, कुणी गोळा केलं. मोनालीनं शेवटच्या ओळीत आपलं नाव लिहिलंच नाही. पेन गोजरबाईंच्या हातात दिलं. त्यांनी सावकाश, चौथीच्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिल्या. ते पाकीट आता विभागाच्या कपाटात आहे.

यंदा पाऊस सुरू झाल्यापासून दर रविवारी दोघी बाहेर पडतात. दौलताबादच्या मागच्या उतारावर त्यांनी चार फेऱ्या केल्या. आता त्यांच्याबरोबर एम.एस्सी.ची पाच-सहा मुलं-मुली असतात आणि त्यांना फांदी उलटायला गोजरबाई शिकवतात. त्यांचा एक नियम आहे. बघून झालं की लाकूड जसं होतं तसंच, त्याच बाजूवर, त्याच खळग्यात परत ठेवायचं. मागच्या रविवारी एका मुलानं घाईत एक ओंडका उलटाच टाकला आणि तो पुढं निघाला. गोजरबाईंनी त्याला हाक मारून परत बोलावलं.

"आसं उघडं टाकशील तर दुपारपर्यंत वाळून जाईल ते," त्या म्हणाल्या. "किती दिवसांपासून काम करतंय बिचारं."

मुलानं ओंडका उचलला, नीट पालथा ठेवला आणि कडेनं पाला सारून दिला.